कागद आला का?

(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : पहाट. सात रस्त्याचा चौक, मोनोरेलचे खांब. दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरवले जात आहेत.)

सात रस्ता. पाटीवर संत गाडगे महाराज चौक असं लिहिलंय, पण जुने टॅक्सीवाले अजून जेकब सर्कलच म्हणतात. इथून चिंचपोकळीकडे जाणारा हा साने गुरुजी मार्ग, म्हणजे पूर्वीचा ऑर्थर रोड. साने गुरुजी स्वतः तुरुंगात राहिलेले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते शब्द न् शब्द उतरवून घ्यायचे. त्यांच्या नावाच्या या रस्त्यावर मुंबई मध्यवर्ती कारागृह उभं आहे.

(दृश्य : भिंत. कॅमेरा भिंतीच्या कडेने हळूहळू सरकतो. वर काटेरी तारा, एक कावळा.)

हे कारागृह 1926 सालचं. अनेक वर्षं कागदोपत्री त्याची क्षमता होती 804 माणसांची. प्रत्यक्षात आत तिप्पट-चौपट माणसं असायची. त्यातली जवळजवळ सगळी न्यायाधीन बंदी, आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ती. गुन्हा सिद्ध झालेला नाही, शिक्षा सुनावलेली नाही, खटला चालू आहे किंवा सुरू व्हायचाय. देशभरातल्या तुरुंगांतही दर चार माणसांपैकी सुमारे तीन अशीच आहेत.

भिंतीच्या आत आमचा कॅमेरा गेलेला नाही. ही गोष्ट भिंतीच्या बाहेरची आहे, एका कागदाची, सुटकेच्या आदेशाची.

(दृश्य : मुख्य दरवाजा. समोर बाकडं. एका बाईंचे हात, मांडीवर कापडी पिशवी.)

या मावशी मानखुर्दहून आल्यात. चेहरा दाखवू नका म्हणाल्या, म्हणून तुम्हाला फक्त हात दिसतायत. पिशवीत इस्त्री केलेला शर्ट आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला आहेत आणि डब्यात भाकरी-चटणी. मुलाचा जामीन एकोणीस दिवसांपूर्वी मंजूर झाला. बेल झाली हे ऐकून त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले, असं त्या सांगत होत्या.

(प्रत्यक्ष आवाज : "दादा, कागद आला का?" "आला की हाक मारतो मावशी. बसा तुम्ही.")

(दृश्य : फोर्ट. कायद्याच्या पुस्तकांचं दुकान. शिडीवरून एक पातळ पुस्तक खाली येतं.)

तुरुंग कसा चालवायचा, हे या पातळ पुस्तकात आहे. कारागृह अधिनियम, 1894. बारा प्रकरणं, 62 कलमं. 1 जुलै 1894 रोजी तो अमलात आला. टिळक तेव्हा 37 वर्षांचे होते. राजद्रोहाचा पहिला खटला अजून तीन वर्षं पुढे होता.

पानं उलटूया. कलम 7 म्हणतं की, सोयीने आणि सुरक्षितपणे ठेवता येतील त्याहून जास्त माणसं तुरुंगात झाली आणि त्यांना दुसरीकडे हलवणं सोयीचं नसेल, तर त्यांच्यासाठी तात्पुरत्या तुरुंगात निवाऱ्याची सोय केली जाईल. म्हणजे गर्दी होणार, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. कलम 12 मध्ये तुरुंगात ठेवायच्या वह्यांची यादी आहे. आलेल्या बंद्यांची नोंदवही, कोण कधी सुटणार याची वही, शिक्षांची वही, अभ्यागतांची वही, बंद्यांकडून काढून घेतलेल्या पैशांची आणि वस्तूंची नोंद. कलम 27 प्रमाणे स्त्रिया पुरुषांपासून वेगळ्या आणि कच्चे कैदी पक्क्यांपासून वेगळे. कलम 31 प्रमाणे कच्च्या कैद्याला स्वतःचं अन्न, कपडे, अंथरूण बाहेरून मागवता येतं. कलम 40 प्रमाणे त्याला आपल्या वकिलाशी तिसऱ्या माणसाविना बोलता येतं.

आणि हे कलम 46, तुरुंगातल्या गुन्ह्यांच्या शिक्षा. मूळ पुस्तकात फटके आहेत. तीसपेक्षा जास्त नकोत, एवढी मर्यादा घातलेली.

(दृश्य : पानावर बोट. कलम 61.)

या पानावर आम्ही बराच वेळ थांबलो. तुरुंगाचे नियम इंग्रजीत आणि देशी भाषेत लावून ठेवा, असं हे कलम सांगतं. कुठे लावायचे? तुरुंगात नोकरी करणाऱ्या सगळ्यांना जाता येईल अशा ठिकाणी. ज्यांना ते नियम पाळायचे आहेत, त्या बंद्यांचा या वाक्यात उल्लेख नाही.

(दृश्य : दुकानाचा काउंटर. पातळ पुस्तकाशेजारी जाडजूड पुस्तकं रचली जातात.)

स्वातंत्र्यानंतर तुरुंग हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत गेला. नोंद क्रमांक 4. महाराष्ट्राने आपले नियम केले. संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, यांचे 1959 साली, बंद्यांच्या सोयीसुविधांचे 1962 साली, शिस्तीचे 1963 साली. ते सगळे मिळून 1979 ची नियमपुस्तिका झाली. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्याच्या नव्या कारागृह आणि सुधारसेवा कायद्याचं विधेयक मंजूर झालं. 1894 नंतर 130 वर्षांनी.

मधल्या काळात तुरुंगाच्या भिंतीला खिडक्या पाडल्या त्या न्यायालयांनी, आणि त्यातल्या दोन खिडक्यांशी या शहराचा संबंध आहे. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि 1983 साली निकाल आला. स्त्रियांची कोठडी वेगळी हवी, अटक होताच कायदेशीर मदत समितीला कळवायला हवं. दुसरी खिडकी अगदी अलीकडची. मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. तोवर तो रकाना होता.

(दृश्य : न्यायालयाबाहेरचा फुटपाथ. टाइपरायटर, झेरॉक्सचं यंत्र, नोटरीची छत्री, शिक्क्यांचा डबा.)

आता मावशींच्या कागदाकडे.

न्यायालयात न्यायाधीशांनी जामीन मंजूर म्हटलं की माणूस सुटला, असं आपल्याला वाटतं. सिनेमात तसंच दाखवतात. खरं काम त्यानंतर या फुटपाथवर सुरू होतं. पंधरा हजारांचा जामीन, एक जामीनदार. जामीनदार कोण? मावशींचा भाचा, रिक्षा चालवतो. त्याचं रेशन कार्ड हवं, आधार हवं, फोटो हवेत, उत्पन्नाचा पुरावा हवा. रिक्षावाल्याला पगाराची स्लिप कोण देणार? मग ऐपतीचा दाखला, म्हणजे जामिनाची रक्कम भरण्याची ताकद आहे याचा. तो तहसील कार्यालयातून. भाच्याचं रेशन कार्ड जालन्याचं. राहतो गोवंडीला, भाड्याने, करारनामा नाही.

(दृश्य : झेरॉक्सच्या यंत्रातला हिरवा प्रकाश. एकामागून एक प्रती.)

प्रत्येक कागदाच्या तीन प्रती. प्रतिज्ञापत्र टाइप करायचं, त्याला तिकीट लावायचं. नोटरी जेवायला गेलेली असेल तर थांबायचं. मग पत्त्याची पडताळणी.

1978 साली सर्वोच्च न्यायालयासमोर मध्य प्रदेशातला एक गवंडी आला होता, मोतीराम. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडायला सांगितलं. दुसऱ्या जिल्ह्याचा माणूस चालणार नाही, हे कुठल्या कायद्यात आहे, असा त्या निकालाचा रोख होता. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच लिहिलं की, स्थानिक जामीनदाराच्या आग्रहापायी सुटका अडते, तो आग्रह धरू नये. दोन्ही आदेशांच्या मध्ये 45 वर्षं आहेत. आणि इथे, या छत्रीखाली, जालन्याचं रेशन कार्ड अजून अडतंय.

(दृश्य : मावशींची मुठ उघडते. घामाने ओलसर झालेली पावती.)

शेवटी मावशींच्या वकिलांनी रोख जामिनासाठी अर्ज केला. बचत गटाने पैसे दिले. ही त्या पंधरा हजारांची पावती. या दिवसांत मुलाची कामावरची जागा गेली, आणि ज्या खोलीत तो भाड्याने राहायचा ती दुसऱ्याला दिली गेली.

(दृश्य : न्यायालयाचा लांब व्हरांडा. फायलींची ढकलगाडी. भिंतीवरचं घड्याळ.)

पैसे भरले की सुटकेचा आदेश तयार होतो. एक पान. त्यावर बंद्याचं नाव, वडलांचं नाव, गुन्ह्याचा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं. मग सही आणि शिक्का. एवढ्यात कुठे एक अक्षर चुकलं, शेखच्या जागी शैख झालं किंवा गुन्हा क्रमांकातला आकडा मागेपुढे झाला, तर तुरुंगातून तो परत येऊ शकतो. तुरुंगाधिकाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. 1900 च्या बंदी अधिनियमाप्रमाणे, कायद्याच्या रीतीने सुटका होईपर्यंत माणूस सांभाळणं ही त्याची जबाबदारी आहे. चुकीचा माणूस सुटला तर त्याची नोकरी जाईल.

(दृश्य : पेटी. जवळून. कुलूप, घासून चकाकलेली कडी.)

आणि हा कागद इथे येऊन पडतो, तुरुंगाच्या दरवाजाबाहेरच्या जामिनाच्या पेटीत. ऑक्टोबर 2021 मध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या मुलाच्या सुटकेच्या वेळी ही पेटी साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. उच्च न्यायालयाने 28 तारखेला जामीन दिला. 29 तारखेला संध्याकाळी साडेपाचपर्यंत कागद पोचला नाही. पेटी उघडली 30 तारखेच्या पहाटे साडेपाचला. सगळे कॅमेरे तेव्हा या कुलपावर होते. ज्यांचा कागद संध्याकाळी सहाला पोचतो ते सगळेच ती रात्र आत काढतात, त्यांच्यासाठी कॅमेरे येत नाहीत.

त्याच वर्षी जुलैमध्ये आग्र्याच्या तुरुंगातले तेरा जण जामीन मिळूनही आतच राहिले होते. तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा म्हणाले होते की, या काळातही आपण आदेशासाठी कबुतरांची वाट पाहत आकाशाकडे बघतोय. त्यातून सर्वोच्च न्यायालयाचे आदेश थेट तुरुंगात पोचवणारी 'फास्टर' ही यंत्रणा मार्च 2022 मध्ये सुरू झाली. पण मावशींच्या मुलाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाचा नाही.

31 जानेवारी 2023 च्या ज्या आदेशाबद्दल मघाशी बोललो, तो इथे नीट वाचायला हवा. जामीन दिला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत ईमेलने तुरुंग अधीक्षकांकडे जावी आणि त्यांच्यामार्फत बंद्याला मिळावी. सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिन्याभरात जामिनाची पूर्तता झाली नाही, तर न्यायालय आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. त्याच वर्षी केंद्राची योजना आली. तेव्हा ठरलं की, गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत रक्कम सरकार भरू शकेल. मावशींना हे माहीत होतं का? आम्ही विचारलं. त्यांनी पिशवीतला शर्ट नीट केला आणि नाही म्हणाल्या.

1 जुलै 2024 पासून, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 लागू आहे. तारीख पुन्हा 1 जुलैच. याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, किंवा इतरांनी अर्धा, तर त्याची सुटका व्हायला हवी. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकणारे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित असलेलेही. महत्त्वाचं हे की, मुदत भरली की न्यायालयाला अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे. म्हणजे 1894 च्या कलम 12 मधली ती वही, कोण कधी सुटणार याची, आता कच्च्या कैद्यासाठीही उघडावी लागणार.

(दृश्य : संध्याकाळ. दरवाजासमोरचे दिवे लागतात. चहाची टपरी आवरली जाते.)

काल संध्याकाळी कागद पेटीत पडला. पेटीची वेळ टळून गेली होती. मावशी मानखुर्दला परत गेल्या नाहीत. टपरीवाल्याने फळी टाकून दिली.

(निवेदन नाही. वीस सेकंद. रस्ता, रात्र, फळीवर झोपलेल्या मावशींचे पाय.)

(दृश्य : पहाट. किल्ल्यांचा आवाज. पेटी उघडते, कागदांचा गठ्ठा.)

गठ्ठा आत जातो. वॉरंट ताडून पाहतात, दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात हवा आहे का ते बघतात, अंगावरच्या खुणा नोंदीशी जुळवतात, आत येताना जमा केलेले पैसे आणि वस्तू परत देतात, सही घेतात. बाहेर नावं पुकारायला अजून वेळ आहे.

(दृश्य : मोठ्या दरवाजातला दिंडी दरवाजा. तो उघडतो. एक तरुण वाकून बाहेर येतो. अनवाणी.)

(निवेदन नाही. मावशी वर्तमानपत्र सोडून चपला जमिनीवर ठेवतात.)

(दृश्य : दिंडी दरवाजा बंद होतो. कॅमेरा बाकड्याकडे वळतो.)

बाकड्यावर अजून तिघी बसल्या आहेत. त्यातल्या एकीच्या जामिनाला आज चाळीस दिवस झाले. जामीनदाराचा ऐपतीचा दाखला आज दुपारी मिळेल, असं तहसील कार्यालयात सांगितलंय. तिथून न्यायालय, न्यायालयातून ही पेटी. साडेपाचच्या आत.