सारखा पडणारा एमसीबी

नमस्कार श्रोतेहो. घराचं वायरिंग करायचं म्हटलं की आपण आधी स्विचच्या प्लेटचा रंग ठरवत बसतो, पण आधी ठरवायचं असतं ते सर्किट, म्हणजे डीबीतल्या (घराची वीज जिथून वाटली जाते त्या पेटीतल्या) कुठल्या एमसीबीवर काय काय चालणार ते. एमसीबी म्हणजे वायरमधून जास्त करंट गेला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच. लाईट-पंखे वेगळे, सॉकेट वेगळे. परत सांगते, लाईट वेगळे, सॉकेट वेगळे.

माझ्या मावशीकडे असं काही केलेलंच नव्हतं. स्वयंपाकघर, बाथरूम, पॅसेजचे दिवे, सगळं एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर. सकाळी गीझर २००० वॅट, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२००, त्यात कोणीतरी १००० ची इस्त्री लावायचं, झाले ५७०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास २५ अँपिअर. थोडा वेळ चालायचं आणि मग खट्ट! काका बाथरूममध्ये अंधारात, तोंडाला साबण, आतून ओरडताहेत, "अगं, कोणी बंद केलं?" रोजचंच झालं होतं हे. शेवटी मावशीने वायरमनला बोलावलं, म्हणाली, "दादा, ३२ चा बसवून द्या ना, सारखा पडतो हा मेला." त्याने मेन बंद केला, टेस्टर लावून बघितला, किटलीचा सॉकेट उघडला नि वायर बाहेर ओढली. १.५ एमएमची वायर, टोकाचं इन्सुलेशन तपकिरी पडलेलं, बोटाने दाबलं तर चुरा होऊन हातात आलं. म्हणाला, "मावशी, हा पडत होता म्हणून निभावलं. एमसीबी वायर वाचवायला असतो. ३२ चा बसवला तर तो पडणार नाही, वायर पेटेल." मावशी मटकन खुर्चीत बसली.

मग त्याने गीझरला ४ एमएमची स्वतंत्र लाईन ओढली, किचनच्या सॉकेटना २.५ च्या दोन लाईनी, आणि दिवे १.५ वर, वेगळ्या ६ अँपिअरच्या एमसीबीवर. वायर जाड तर एमसीबी मोठा, वायर बारीक तर एमसीबी लहान, हे नीट लक्षात ठेवा.

आणि सॉकेट भरपूर घ्या हो, एक्स्टेन्शन बोर्डवर घर चालवणं मला अजिबात पटत नाही. प्लास्टर करायच्या आधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो काढून ठेवा, लोक टाइल्सचे फोटो काढतात आणि हे विसरतात, मग खिळा ठोकताना देवाचं नाव घ्यायचं.

सॉकेटच्या लाईनींना ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच, कारण शॉकपासून माणसाला वाचवणं एमसीबीचं काम नाही. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा, लगेच पडला पाहिजे, नाही पडला तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.