विषय : बदकाची कलेजी

(दृश्य : करमळीचं तळं. पहाट, पाण्यावर धुकं.)

कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी म्हणजे स्टेशन. बॅगा उतरवायच्या, टॅक्सी शोधायची, पणजी गाठायची. तळ्याकडे कोण बघतो?

पाणवनस्पतींत बसून शिट्ट्या घालताहेत त्या अडया, बदकांचीच एक जात. इथल्याच, बारमाही. आणि ही लांब मानेची, टोकदार शेपटीची तलवार बदकं. ही पाहुणी. हिवाळ्यापुरती उत्तर आशियातून येतात आणि ऊन तापायला लागलं की परत फिरतात. जायच्या आधी नुसती चरत असतात. अंगावर चरबी चढते, आणि त्या शिदोरीवर हजारो किलोमीटरचा प्रवास होतो.

खरं सांगायचं तर हे चित्रण आम्ही दुसऱ्याच कामासाठी केलं होतं. पण सुरुवात इथूनच करावी लागली. कारण ज्या 'फ्वा ग्रा' नावाच्या पदार्थाविरुद्ध आम्ही सह्या गोळा करतोय, तो बनवणारेही इथूनच सुरुवात करतात. म्हणतात, बदक निसर्गतःच चरबी साठवतं, आम्ही फक्त थोडा हातभार लावतो.

(दृश्य : स्वयंपाकघर. वजनकाटा.)

तो हातभार किती, ते काट्यावर बघू.

डिचोलीजवळच्या एका वाड्यावर, घरी पाळलेल्या बदकाची ही कलेजी. गर्द तांबडी, तळहातावर मावणारी. आकडा बघा : ७२ ग्रॅम. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे बदकाची कलेजी 'फ्वा ग्रा' म्हणून विकायची तर ती कमीत कमी ३०० ग्रॅम भरावी लागते. हंसाची असेल तर ४०० ग्रॅम. म्हणजे पक्षी धडधाकट असला की माल नापास.

फ्वा ग्रा हे फ्रेंच नाव. अर्थ साधा आहे, चरबीदार कलेजी.

(दृश्य : टेबलावर नळी, परात, मका.)

फ्रान्समध्ये ही बदकं पोसतात त्या शेडमध्ये आमचा कॅमेरा पोचलेला नाही. ही नळी पणजीतल्या नळसामानाच्या दुकानातली, पंचवीस सेंटिमीटर कापून घेतलेली. मका म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला. मापं मात्र तिथली.

बदक साधारण बारा आठवड्यांचं झालं की त्याच्या खाण्याचा ताबा माणूस घेतो. दिवसातून दोनदा. मान धरायची, चोच उघडायची, नळी घशातून खाली सरकवायची आणि मका आत सोडायचा. भूक आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. पहिल्या दिवसांत एका वेळी १९० ग्रॅमच्या आसपास, ही छोटी वाटी. पंधरवडा संपत येतो तसं माप वाढत ४५० ग्रॅमपर्यंत जातं, तो हा ढीग. बदकाचं स्वतःचं वजन चारेक किलो. जुन्या पद्धतीने, हाताने भरायचं तर पाऊण ते एक मिनिट लागतं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पंपाने दोन ते तीन सेकंद.

ऐका.

(मका नळीतून परातीत पडण्याचा आवाज. निवेदन थांबते.)

झालं. संध्याकाळी पुन्हा.

बारा ते पंधरा दिवसांत कलेजी सात ते दहा पट होते, तिचा तांबडा रंग जाऊन फिकट पिवळसर येतो. आणि आता पुन्हा करमळीची ही तलवार बदकं आठवा. ज्या बदकाला हा 'हातभार' लागतो ते बहुधा मुलार्ड असतं, मस्कोव्ही जातीचा नर आणि पेकिन जातीची मादी यांचा संकर. ते स्थलांतर करतच नाही. जायचंच नाही कुठे, तर शिदोरी कशाला बांधायची? या धंद्याला कलेजीसाठी नर लागतात. मादी पिल्लं जन्मतःच वेगळी काढतात आणि बहुतेक मारून टाकतात.

(दृश्य : भित्तिशिल्पाचं छायाचित्र.)

रीत फ्रेंचांची म्हणून ओळखली जाते, पण आहे फार जुनी. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर माणसं पक्ष्यांच्या चोचीत गोळे कोंबताना कोरलेली आहेत. रोमन लोक हंसांना अंजीर चारत. अंजिराला लॅटिनमध्ये फिकुस, अंजिरावर पोसलेली कलेजी ती फिकातुम. त्यातूनच फ्रेंचमधला फ्वा आला, आणि पोर्तुगीजमधला फिगादु. कलेजीचं हे पोर्तुगीज नाव जुन्या पणजीत काही घरांना सांगावं लागत नाही. सोरपोतेल या गोव्याच्या पदार्थात डुकराची कलेजी पडतेच.

(दृश्य : पणजीचं आझाद मैदान. सह्यांचं टेबल.)

आणि म्हणूनच टेबलावर पहिला प्रश्न हाच आला. "आज बदकाची कलेजी, उद्या आमचं सोरपोतेल, परवा नुस्तं?" नुस्तं म्हणजे मासळी. विचारणाऱ्या काकांच्या हातातली पिशवी बघा. बांगड्याची शेपटी बाहेर आलीय. आमच्यातल्याही अर्ध्याअधिक जणांना नुस्त्याशिवाय घास उतरत नाही. आमचं भांडण नळीशी आहे. काकांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला. ही त्यांची सही.

दुसरा प्रश्न जास्त नेमका होता : "ह्याच्यावर बंदी आहे ना आधीच?"

आहे. जुलै २०१४ मध्ये भारताने फ्वा ग्राची आयात बंद केली, आणि असं करणारा पहिला देश म्हणून जगभर बातम्या झाल्या. पण ती अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची. तिची हद्द बंदर आणि विमानतळ. तिच्यातला शब्द आहे 'आयात'. ताटात काय वाढलं, हे ती विचारत नाही.

(दृश्य : मेन्यूकार्ड. नाव झाकलेलं.)

हे कार्ड याच हिवाळ्यातलं. बोट आहे ती ओळ वाचा : फ्वा ग्रा. "आज नाही, आधी सांगितलंत तर होईल," असं उत्तर मिळालं. कुठून येईल, ते आम्हीही विचारलं नाही.

म्हणून पणजी महानगरपालिकेने बंदीचा ठराव करावा, या आमच्या अर्जातला शब्द आहे 'विक्री'. त्याच्यापुढचे शब्द शिकागोने शिकवले. त्या शहराच्या नगर परिषदेने २००६ मध्ये ४८ विरुद्ध १ मतांनी विक्रीवर बंदी घातली, तर काही हॉटेलांनी सॅलड महाग केलं आणि फ्वा ग्रा त्याच्यासोबत फुकट वाढायला सुरुवात केली! तेव्हा आमच्या मसुद्यात 'विकणे अथवा जेवणासोबत मोफत वाढणे' असं आहे. मसुदा तीनदा फाडला, तो याच ओळीसाठी.

शिकागोची बंदी २००८ मध्ये उठली, न्यूयॉर्क शहराचा २०१९ चा कायदा लागू होण्याआधीच कोर्टात अडकला, कॅलिफोर्नियातली विक्रीबंदी मात्र टिकून आहे. आणि हो, किनाऱ्यावरची हॉटेलं बहुतेक पंचायतींच्या हद्दीत येतात, पणजीचा ठराव तिथे लागू होणार नाही.

बंदी म्हटली की गोव्यात कुणीतरी धिरयोंचा, म्हणजे बैलांच्या झुंजींचा, विषय काढतोच. उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंद केल्या, आणि रविवारी त्या कुठे लागतात ते गावातल्या पोरांना विचारा. टेबलावरही हा टोमणा ऐकला. ऐकून घेतला.

(दृश्य : पणजी महानगरपालिकेचा जिना. हातात फाईल.)

सह्यांचे कागद एका फाईलीत मावले. आत चित्रीकरण केलं नाही, तेव्हा खिडकीवरचा संवाद तुम्हाला दिसणार नाही. तिथल्या बाईंनी अर्ज उलटसुलट केला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे वाचायचं कसं?"

आम्ही सांगितलं. फ्वा ग्रा. त्यांनी मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं, मग नोंदवहीत आपल्या शब्दांत लिहिलं.

(दृश्य : शिक्का मारलेली पोच, जवळून.)

विषय : बदकाच्या कलेजीबाबत.