थोरलीचं सोंग

मंडळी, आज ज्या कादंबरीविषयी बोलणार आहे ती मुलांची म्हणून ओळखली जाते. मी ती वाचली पंचेचाळिसाव्या वर्षी, आईच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून, रात्री दोनच्या औषधापर्यंत जागं राहायचं म्हणून. डायाना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेची ‘हाऊल्स मूव्हिंग कासल’, १९८६ सालची. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी २००४मध्ये त्यावर अॅनिमेशनपट केला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

इंगरी नावाच्या त्या देशात तीन भावंडांत थोरलं जन्मणं हे दुर्दैव मानतात. तिघं नशीब काढायला निघाली, तर पहिलं अपयश थोरल्याचं. हे पहिल्याच पानावर आहे. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसले. आमच्याकडे ‘तू थोरली ना’ हे एवढंच वाक्य पुरायचं. पुढचं कुणाला सांगावं लागत नसे.

सोफी थोरली. वडील गेल्यावर सावत्र आई फॅनी धाकट्या दोघींची सोय लावते, एकीची बेकरीत, दुसरीची जादू शिकायला. सोफीच्या वाट्याला येतं टोप्यांचं दुकान. धाकट्या दोघी गुपचूप आपापल्या जागा बदलून घेतात. ही मात्र मुकाट टोप्या सजवत बसते आणि त्यांच्याशीच बोलते. तिच्या बोलण्यात जादू आहे, ती ज्या टोपीला जे सांगेल ते खरं होतं, पण हे तिच्या गावीही नाही. मग एक चेटकीण शाप देऊन तिला म्हातारी करून टाकते. सोफी आरशात बघते आणि घाबरण्याऐवजी तिला वाटतं, हेच रूप आपल्याला शोभतं.

म्हातारी झाल्यावर ती फटकळ होते. कालपर्यंत जत्रेच्या गर्दीत जीव मुठीत धरून चालणारी ही मुलगी हाऊल नावाच्या जादूगाराच्या चालत्या किल्ल्यात थेट घुसते, साफसफाईवाली म्हणून राहते आणि त्या देखण्या, नटव्या, जबाबदारी टाळणाऱ्या माणसाला फैलावर घेते. हाऊल तर सर्दी झाली तरी मरायला टेकल्यासारखा विव्हळतो! पण याच हाऊलने मायकेल या अनाथ पोराला दारातून कधी हाकललेलं नाही.

आता ज्या जागेसाठी मी हे पुस्तक जवळ ठेवलंय ती सांगते. सोफीवर शाप आहे हे हाऊलला ठाऊक असतं. त्याने तो तिच्या नकळत उतरवायचे प्रयत्नही केलेले असतात. उतरत नाही. शेवटी त्याला वाटतं, हिलाच हे सोंग हवंय.

आईला अर्धांगाचा झटका आल्यावर तिसऱ्या वर्षी भाऊ म्हणाला, “ताई, दोन महिने मी नेतो आईला. तू कुठेतरी जाऊन ये.” मी म्हटलं, “तिला माझ्याच हातचं लागतं.” खरं सांगायचं तर वहिनीच्या हातचं आई आनंदाने जेवायची. पण पलंगाशेजारच्या त्या खुर्चीतून उठले तर जायचं कुठे, हे मला माहीत नव्हतं. आईवर माझी माया होती, आणि त्या मायेआड मी लपलेही होते. दोन्ही खरं होतं. सोफी भेटेपर्यंत हे मी स्वतःशीही बोलले नव्हते. त्या पावसाळ्यात आई सात आठवडे भावाकडे राहिली.

या कादंबरीत प्रेम जमतं ते भांडत, राख झाडत, जेवण करत. हल्ली अशा पुस्तकांना कोझी फँटसी, म्हणजे उबदार, घरगुती जादूकथा म्हणतात. त्यातली ऊब मला विशेष भावते ती चुलीतल्या कॅल्सिफरमुळे. हा अग्निराक्षस करारामुळे चुलीशी बांधलेला आहे, सगळा किल्ला त्याच्या बळावर चालतो आणि तो सदा कुरकुरत असतो. शेवटी सोफी त्याला मोकळं करते. तो उडून जातो. आणि मग परत येतो. तुला यायची गरज नव्हती, असं हाऊल म्हणतो, तेव्हा कॅल्सिफर सांगतो, जाता-येता येत असेल तर राहायला माझी हरकत नाही, शिवाय बाहेर पाऊस पडतोय.