गारंबी: लेक दर्यावर, आई डोंगरात

(काशीदचा किनारा. ओहोटी.)

भरतीनं टाकून दिलेल्या काटक्याकुटक्यांत कधीमधी ही बी सापडते. चपटी, गुळगुळीत, तपकिरी, रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट रुंद. हिचं घर मागे, त्या डोंगरात.

(फणसाड. रानातली वाट, सावली.)

मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान. १९८६ साली अभयारण्य झालं. गाणाकडे, म्हणजे पाणवठ्याकडे, जाणाऱ्या वाटेवर मांडीएवढं जाड, पीळ भरलेलं खोड आडवं येतं. हीच गारंबी. या झाडावरून त्या झाडावर गेलेली वेल कुठे संपते ते शोधताना मान अवघडते. शेकरूला मात्र हा चालता रस्ता!

एवढ्या दांडग्या वेलीची फुलं इतकी नाजूक असतील असं वाटत नाही. उन्हाळ्यात खैरासारखे पिवळट पांढरे तुरे येतात. खैर, शिरीष, लाजाळू ही हिची भावंडंच. त्या बारीक फुलांतून शेंग धरते ती मात्र हातभर, कधी मीटरहून लांब. पिकली की तिचा एकेक कप्पा बीसकट गळतो आणि कडांची रिकामी चौकट वेलीवर लोंबत राहते.

(पावसाळा. ओहोळ फुगलेला.)

बीच्या दोन डाळींमध्ये पोकळी असते. त्या हवेवर ती तरंगते. ओहोळातून खाडीत, खाडीतून दर्यात. टणक साल खारं पाणी आत येऊ देत नाही. म्हणून तर आफ्रिकेपासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत किनाऱ्यालगतच्या रानांत आणि नदीकाठी गारंबी आपली आपण उगवते.

समुद्र ओलांडणारी ही बी अडते ती जमिनीवर. साल झिजून ओल आत शिरली की कोंब येतो, पण त्याला चढायला झाड लागतं. पानाच्या टोकाला दुभंगलेला तणावा असतो, तो आधार शोधत राहतो. कोकणातल्या कित्येक खासगी रानांत दर काही वर्षांनी सरसकट तोड होते. झाडाबरोबर वेलही जाते, आणि मांडीएवढं खोड व्हायला लागणारी वर्षं तिला मिळतच नाहीत. म्हणून जुनी गारंबी बघायची तर फणसाडसारखं राखलेलं रान गाठावं, नाहीतर एखादी देवराई.

(जवळून: वाटेकडेचं रोप.)

हे या पावसातलं रोप. तणावा अजून हवेतच आहे. शेजारचं ऐनाचं झाड वीतभर लांब.