मिशा शाबूत आहेत का बघा

(सांगलीत विश्रामबागला मासे पाळणाऱ्या मंडळींच्या बैठकीत झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

आत येता येता एका काकांनी विचारलं, अहो, ते तळाला फिरणारे कॅटफिश टाकले की टाकी साफ करायला लागत नाही ना? तिथूनच सुरू करतो. कारण माझ्या मते आपल्याकडं रोगराईपेक्षा या एका समजुतीनं जास्त कोरी मारल्यात.

कोरी म्हणजे कोरिडोरास. दोन-अडीच इंचाचा मासा, अंगावर खवले नाहीत, दोन्ही बाजूला हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, चिलखत घातल्यासारख्या. आपल्या कृष्णेतल्या शिंगट्याचीच लांबची भावकी म्हणा, पण ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. डार्विन बीगल जहाजावर फिरत होता तेव्हा त्यानं गोळा केलेल्या माशांत यातलीच एक होती, तिला 1842 मध्ये नाव मिळालं, आज आपण तिला पेपर्ड कोरी म्हणतो. 2024 ला शास्त्रज्ञांनी या सगळ्या गटाची सात वंशांत (जीनसमध्ये) वाटणी केलीय, पण दुकानात कोरीच म्हणत राहतील, तुम्हीपण म्हणा.

आता घाण खाण्याचं. ती विष्ठा खात नाही, काचेवरचं शेवाळ खात नाही. वाळूतल्या अळ्या, बारीक किडे हे तिचं अन्न. आपण वरच्या माशांना फ्लेक्स टाकतो, ते वरच्यावर फस्त होतात आणि खाली ही बिचारी उपाशी, आणि आपण म्हणतो काय मस्त साफसफाई चाललीय. बुडणाऱ्या गोळ्या आणा, रात्री लाइट बंद केल्यावर टाका, आठवड्यातनं एक-दोनदा फ्रोजन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) द्या. आणि एकटी आणू नका, निदान सहा आणा, एकाच जातीच्या. एकटी कोरी कोपऱ्यात बसून राहते, सहा असल्या की दिवसभर कळपानं फिरतात. दोन फुटी टाकी पुरते.

माझी पहिली कोरी मी मारली, हे सांगितलंच पाहिजे. टाकीत ते रंगीत खडे होते, धारेचे. वरनं पाणी एकदम नितळ. तीन महिन्यांनी ती खायची थांबली म्हणून भिंग लावून बघितलं तर तोंडाच्या मिशा झिजून नुसती खुंटं राहिलेली आणि कडेनं लालसर. मग खड्यांत सायफन घातला तर काळं पाणी आलं, नासलेल्या अंड्यासारखा वास. खड्यांच्या सांदीत महिनोन्‌महिने अन्न सडत होतं आणि ती त्यातच तोंड घालून फिरत होती. आठ दिवसांत गेली. तेव्हापासनं मी कुणाच्याही घरी गेलो की पाणी बघत नाही, आधी तिच्या मिशा बघतो.

म्हणून वाळू. बारीक, गोलसर, बोटांच्या चिमटीत घासली तर टोचता कामा नये. बांधकामाची वाळू चाळून घेतली तरी चालते, फक्त बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, आठ-दहा पाणी सहज लागतात. दीड इंच थर बास. मग बघत बसा, ती डोळ्यापर्यंत तोंड खुपसते, तोंडभर वाळू घेते, खायचं तेवढं ठेवते आणि बाकीची कल्ल्यातनं भुरुभुरु सोडते. खड्यांवर तिला हे करताच येत नाही. दर आठवड्याला वाळू बोटानं हलवायची, पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलायचं.

पाण्याचं जरा लक्ष द्या. आपल्या नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं पाणी नुसतं टाकू नका, लई जड असतं, त्यात आरओचं किंवा पावसाचं मिसळा. नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन घालूनच. नवी टाकी असेल तर मासे आणायच्या आधी फिल्टर चालवून चार-सहा आठवडे जाऊ द्या, अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी 30 च्या वर गेलं की ऑक्सिजन कमी पडतो. टाकीवर टेबलफॅन लावा, एअर पंप वाढवा. पांडा कोरीला थंड पाणी लागतं, ती इथं आणू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ब्राँझ, अल्बिनो चालतात, पैसे असतील तर स्टर्बाय, तिला उबदार पाणी मानवतं.

कोरी मधनंच सुर्रकन वर येऊन हवा गिळून जाते, त्याला घाबरू नका, ती आतड्यातनं पण श्वास घेते. पण सगळ्याच सारख्या वर यायला लागल्या तर पाणी बिघडलंय समजा. जाळीनं पकडू नका, परांचे काटे अडकतात आणि हाताला बोचले तर ठणकतात, प्लॅस्टिकचा मग वापरा.

दुकानात कोरीच्या नावाखाली सकर, म्हणजे तोंडानं काचेला चिकटणारा दुसराच कॅटफिश, गळ्यात मारतात, तो फूटभर वाढतो. मग लोक नदीत नेऊन सोडतात. उजनीत सकर झालेत, जाळी फाडतात. कृष्णेत काहीही सोडू नका, हात जोडतो.

गेल्या जूनमधली गोष्ट. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री मी निम्मं पाणी काढून तीन-चार डिग्री थंड पाणी भरलं. सकाळी बघतो तर मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यात दोन-तीन अंडी धरून फिरतीय, काच तोंडानं घासून पुसतीय आणि एकेक चिकटवतीय. मोठे मासे खाऊन टाकतात म्हणून मी जुन्या एटीएम कार्डानं खरवडून वेगळ्या डब्यात ठेवली, बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावला. चौथ्या दिवशी पिल्लं बाहेर. त्यातली अकरा वाचली, पाच आज पिशवीत घालून आणल्यात, तिकडं टेबलावर आहेत. भिंग पण ठेवलंय. मिशा केसाएवढ्या आहेत, पण सगळ्या आहेत, बघून घ्या.