बुधवारच्या रात्रीचे वॉनटन

धुळ्यात पांझरेच्या काठावर दिवेलागणीनंतर थंडी झोंबू लागली आहे. देवपूरमधील या घरात माझी वहिनी शाळेतून परतली की आधी चहा होतो आणि मग एरवी कळण्याच्या भाकरीसाठी परात निघते. आज ती मैद्यासाठी निघाली आहे. घड्याळात पावणेसात झाले आहेत. सव्वाआठपर्यंत चार माणसांच्या पुढ्यात वाफाळते वॉनटन सूप यावे, असा बेत आहे आणि उद्या सकाळी सातची शाळा असल्यामुळे तो लांबवण्याची सोय नाही.

वॉनटन म्हणजे मैद्याच्या अतिशय पातळ पारीत सारण भरून उकळत्या पाण्यात शिजवलेले लहानसे गाठोडे. पदार्थ चीनचा आहे. 'वॉनटन' हा दक्षिणेकडील कँटनी भाषेतला उच्चार असून तेथे तो ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्यांचा शब्दशः अर्थ 'ढग गिळणे' असा होतो. उत्तरेकडे त्यालाच 'हुनतुन' म्हणतात. बीजिंगकडच्या एका जुन्या म्हणीप्रमाणे हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबरच्या सुमारास, हुनतुन खायचे आणि उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी नूडल्स. हाँगकाँगच्या दुकानांतून सारणात कोळंबी आणि डुकराचे मांस असते व रश्शाला सुकवलेल्या माशाची चव असते. यातले काहीच या स्वयंपाकघरात येणार नाही. येथे कोंबडीचा खिमा आहे.

आपल्याकडच्या हातगाड्यांवर चायनीज म्हणून मिळणारे सूप कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेले, काळसर आणि मिरचीचे असते. त्याला माझा आक्षेप नाही. भर पावसात आग्रा रोडवर उभे राहून मीही ते अनेकदा प्यालो आहे. मात्र आजचा पदार्थ त्याच्या नेमका उलट आहे, कारण या सूपचे सारे काही त्याच्या निवळपणावर अवलंबून असते.

म्हणूनच कामाची सुरुवात हाडांपासून होते. चिकनच्या दुकानातून आणलेली पाठ आणि मान, मिळून अर्धा किलो, वहिनी थंड पाण्यात घालून गॅसवर ठेवते. पाणी उकळू लागताच वर राखाडी, मळकट फेस जमतो. आपल्या मटणाच्या रश्शात असा फेस मसाल्याखाली झाकला जातो, म्हणून त्याचे फारसे कुणी मनावर घेत नाही. येथे मात्र तो ताटातच दिसेल. तीन-चार मिनिटांनी ते सगळे पाणी मोरीत ओतले जाते, हाडे नळाखाली धुतली जातात आणि दीड लिटर स्वच्छ पाणी, ठेचलेले आले व कांद्याच्या पातीचा पांढरा भाग यांच्यासह कुकरमध्ये जातात.

कुकरने रस्सा गढूळ होतो, असा समज आहे. तो गढूळ होतो शिट्ट्यांमुळे. कुकरच्या आत दाब असेपर्यंत पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, पण खळखळत नाही. शिटी होताच दाब एकदम उतरतो, आतले पाणी उसळते आणि चरबीचे बारीक थेंब पाण्यात घुसळले जातात. वहिनी दाब आला की लगेच आच अगदी बारीक करते, एकही शिटी होऊ देत नाही आणि पाऊण तासानंतर कुकर आपोआप निवेपर्यंत झाकणाला हात लावत नाही. पातेल्यात ज्या कामाला तीन-साडेतीन तास लागतील, ते आठवड्याच्या मधल्या वारी अशा रीतीने जमून जाते.

आता परातीकडे पाहा. पाव किलो मैदा, अर्धा चमचा मीठ, एक अंडे आणि बेताचे पाणी. आणि त्या पाण्यात विरघळवलेला चिमूटभर पापडखार. हा पापडखार पाहून मी वहिनीला कारण विचारले होते. कँटनी पारीच्या पिठात क्षाराचे पाणी घालण्याची पद्धत आहे, त्यामुळे पीठ किंचित पिवळसर होते आणि शिजल्यावर पारीला ताण राहतो, असे तिने वाचले होते. आणि क्षार म्हटल्यावर खान्देशातल्या घरात दुसरे काय आठवणार? उन्हाळ्यात पापडांसाठी आणलेली पुडी डब्याच्या तळाशी होतीच. पीठ पुरीच्या पिठाहून घट्ट मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवले जाते. न मुरवलेला मैदा लाटला की मागे सरकतो. मुरला की हवा तसा पसरतो. जिच्या सासूने हयातभर उलट्या हातांवर झुलवून मांडे खापरावर टाकले, तिला पिठाला विसावा का द्यावा लागतो, हे वेगळे शिकवावे लागले नाही.

सारणाचे काम दिसायला क्षुल्लक आहे, पण माझ्या मते चवीचा निकाल येथेच लागतो. तीनशे ग्रॅम खिमा आहे, तोही तंगडीच्या मांसाचा, कारण छातीच्या मांसाचा खिमा शिजल्यावर कोरडा आणि भुसभुशीत लागतो. त्यात मीठ, सोया सॉस, पांढऱ्या मिरीची पूड, किसलेले आले आणि चिमूटभर साखर पडते. त्यानंतर वहिनी चार बोटांनी खिमा एकाच दिशेने फिरवू लागते. प्रथम तो सैल, दाणेदार असतो. फिरवता फिरवता ती एकेक चमचा थंड पाणी घालते, आधीचे पाणी पूर्ण जिरल्याखेरीज पुढचे घालत नाही, आणि तीन-चार मिनिटांत खिम्याचा पोत बदलतो. तो बोटांना चिकटू लागतो आणि भांड्याच्या कडा सोडून एका गोळ्याच्या रूपात फिरू लागतो. मिठामुळे मांसातली प्रथिने सुटी होतात आणि घोटण्याने ती एकमेकांत गुंतून पाणी धरून ठेवतात. सारण घट्ट असूनही रसाळ लागते ते त्यामुळेच. कांद्याची पात अगदी शेवटी घातली जाते. ज्यांच्या घरी मांसाहार नाही, त्यांनी बारीक चिरलेला कोबी मीठ लावून घट्ट पिळून घ्यावा आणि किसलेल्या पनीरमध्ये मिसळावा; पिळण्यात कसूर झाली तर पारी भिजून फुटते.

चिनी पाककृतीत तिळाचे तेल सांगितलेले असते, ते भाजलेल्या तिळांचे, तपकिरी आणि उग्र वासाचे असते. आपल्या घाणीवरचे तेल कच्च्या तिळांचे असल्यामुळे त्याला तो वास येत नाही. वहिनीने चमचाभर तीळ खरपूस भाजून, कुटून दोन चमचे तेलात गरम करून ठेवले आहेत. हुबेहूब तसा नसला तरी वास जवळ जातो.

लाटताना पोळपाटावर कॉर्नफ्लोअर भुरभुरले जाते. पोळी इतकी पातळ हवी की खालच्या पोळपाटाचे लाकूड तिच्यातून दिसावे. सुरीने आठ-आठ सेंटिमीटरचे चौकोन कापले की साधारण चाळीस पाऱ्या होतात.

हे हात जरा जवळून पाहण्याजोगे आहेत. डाव्या तळव्यावर पारी, मधोमध लहान चमचाभर सारण, दोन कडांवरून फिरलेले ओले बोट. पारी त्रिकोणी दुमडली जाते आणि अंगठा सारणाच्या पोटापासून कडेकडे सरकत आतली हवा बाहेर काढतो. मग त्रिकोणाची दोन टोके पोटावर ओढून, एकावर एक ठेवून, पाण्याच्या थेंबाने चिकटवली जातात. थंडीत माणूस हाताची घडी घालून बसावा तसे ते दिसते आणि सिचुआन प्रांतात याच पदार्थाला 'छाओशौ', म्हणजे हाताची घडी, असे नाव आहे. पहिल्या खेपेला, गेल्या वर्षी, हवा काढायची राहिली होती. उकळत्या पाण्यात गाठोडी फुग्यासारखी फुगली, फुटली आणि त्या रात्री आम्ही खिम्याची पेज खाल्ली.

कुकर निवला आहे. गाळण्यातून उतरणारा रस्सा फिकट सोनेरी आहे. माझी आई ओट्याशी येऊन पातेल्यात डोकावते आणि म्हणते, "हाई ते नुसतं पानी शे, पोरी!" तर्री नसलेला रस्सा तिने आजाऱ्याच्या ताटाखेरीज कोठे पाहिलेला नाही. वहिनी हसून म्हणते, "आई, मीठ तेवढं बघून सांगा." आई चमच्याने चव घेते, थोडा वेळ काही बोलत नाही आणि मग मीठ कमी असल्याचे सांगते. ते खरोखरच कमी होते.

वॉनटन शिजतात दुसऱ्या पातेल्यात, साध्या पाण्यात, कारण पाऱ्यांना लागलेले कॉर्नफ्लोअर रश्शात उतरले तर पाऊण तासाची मेहनत एका मिनिटात गढूळ होईल. एकेक गाठोडे पाण्यात पडते तसा डुबुक डुबुक आवाज येतो आणि आई तेथूनच म्हणते की हे तर आपले डुबुक वडेच झाले. बेसनाचे वडे खळखळत्या काळ्या रश्शात सोडताना हाच आवाज येतो आणि वड्यांना नाव मिळाले ते त्यावरूनच. झाऱ्याची पाठ तळाशी एकदाच हळुवार फिरवायची, म्हणजे काही चिकटत नाही. वर तरंगू लागल्यावर आणखी दोन मिनिटे थांबायचे; पारी अर्धपारदर्शक होऊन आतल्या सारणाला सुरकुत्यांसह बिलगली, की झारा लावायचा. त्याच पाण्यात पालकाची पाने अर्धा मिनिट बुडवून काढली जातात. मेथीचा मोह येथे टाळावा, तिचा कडूपणा रश्शावर बसतो.

प्रत्येक वाडग्यात आधी पांढरी मिरी, थोडे मीठ आणि ते तिळाचे तेल. त्यावर दहा वॉनटन, पालक आणि शेवटी कढत रस्सा. काळ्या मिरीचेच दाणे साल काढल्यावर पांढरे होतात. त्यामुळे वाडग्यात काळे कण दिसत नाहीत आणि तिखटपणा जिभेपेक्षा घशात जास्त जाणवतो. आठ वाजून दहा मिनिटे झाली आहेत. पुतण्या स्वतःच्या वाडग्यातले नग मोजून घेतो.

आईने पहिले दोन वॉनटन तसेच खाल्ले. तिसऱ्याच्या आधी ती उठली, कढल्यात तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण आणि लाल तिखट टाकले आणि ती चरचरीत तर्री आपल्या वाडग्यावर ओतली. मी मनातल्या मनात हळहळलो. इतका निवळलेला रस्सा दोन क्षणांत लालभडक झाला होता. मात्र सिचुआनमध्ये लाल मिरचीच्या तेलातले छाओशौ नेहमीच्या जेवणातले आहेत, हे जेव्हा वहिनीने सांगितले, तेव्हा आईने कढले माझ्या वाडग्याकडेही सरकवले.

पुतण्याचे पोट सातव्या वॉनटनला भरले, त्यामुळे तीन उरले. रविवारी वहिनी दुप्पट पीठ मळणार आहे. मैदा भुरभुरलेल्या ताटात गाठोडी एकमेकांना लागणार नाहीत अशी मांडून, फ्रीझरमध्ये दगडासारखी कडक झाल्यावर पिशवीत भरायची. शिजवताना ती वितळू न देता तशीच उकळत्या पाण्यात सोडायची आणि दोन मिनिटे जास्त द्यायची. रस्साही डब्यात भरून गोठवता येतो. मग पुढच्या बुधवारी चहाचा कप विसळून होईपर्यंत पाणी उकळलेले असेल.