मिरी, शिडं आणि नाताळचा किनारा

मंडळी, आधी जहाजाचं नाव सांगतो. सांव जुआंव, म्हणजे संत जॉन. गोव्याकडच्या माणसांना ते ओळखीचं वाटेल. २४ जूनला डोक्यावर फुलापानांचा कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, तो सांजांव याच संताचा. या नावाचं एक मोठं पोर्तुगीज गॅलियन ३ फेब्रुवारी १५५२ रोजी कोचीहून लिस्बनला निघालं आणि ८ जूनला आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर फुटलं. वादळात बुडालं, असंच कुणीही म्हणेल. मला ते पुरेसं वाटत नाही. फुटलं आफ्रिकेत, पण त्याच्या बुडण्याला सुरुवात झाली कोल्लमच्या धक्क्यावर.

त्या वर्षी मिरी कमी आली होती. कप्तान मानुएल द सौझा सेपुल्व्हेदा कोल्लमला गेला, तिथं कशीबशी साडेचार हजार क्विंटल मिळाली. (हे क्विंटल आजच्या आपल्या क्विंटलच्या साधारण निम्मं.) उरलेल्यासाठी तो कोचीला आला, तर मलबारात लढाई चाललेली. ओढूनताणून ७,५०० पर्यंत आकडा गेला. जहाजाची ताकद होती १२,०००ची. म्हणजे मिरी कमीच भरली होती. पण जागा रिकामी राहिली, असं समजू नका. बाकीचा माल खच्चून कोंबला होता.

या सगळ्यात गेले दिवस. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडी काढणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. तसं या वाटेचंही पंचांग होतं. डिसेंबर-जानेवारीत कोची सोडायची, म्हणजे दक्षिणेकडचा हिवाळा सुरू व्हायच्या आत केप ऑफ गुड होपला वळसा पडतो. उशीर झाला की पश्चिमेचे वारे तोंडावर येतात. तिथला सागरी प्रवाह किनाऱ्याकिनाऱ्यानं नैर्ऋत्येला धावतो, वारा त्याच्या उलट्या बाजूनं येतो, आणि दोघांच्या भांडणात लाट भिंतीसारखी उभी राहते.

त्यात शिडं. हा भाग मला सगळ्यात बोचतो. परबाणांवर, म्हणजे शिडाच्या आडव्या काठ्यांवर, चढवलेली तेवढीच शिडं जहाजावर होती, बदली जोड नाही, आणि होती तीही जुनी, विरलेली. जरा वारा वाढला की फाटायची. मग ती खाली उतरवायची, डेकवर पसरायची, सुईदोरा घेऊन बसायचं. तेवढा वेळ जहाज नुसतं डुलतंय. आज शिवलं की परवा पुन्हा तेच. या प्रवासाची हकिगत ज्यानं लिहून ठेवली, तो सरळ म्हणतो की या शिवणकामात वेळ गेला नसता, तर केप वेळेत पार झाला असता. किनारा दिसला तेव्हा एप्रिलचा मध्य उजाडला होता.

पुढं वारा कधी पश्चिमेचा, कधी पूर्वेचा. सुकाणू ज्या लोखंडी खिळींवर फिरतं, त्यांतल्या तीन खिळी आधीच गेलेल्या. सुताराला हे ठाऊक होतं, त्यानं जहाजाच्या मुख्य नाखव्याच्या कानावर घातलं, आणि लोक घाबरतील म्हणून दोघंही गप्प बसले. मग एका रात्री सुकाणूच मोडलं. डोलकाठी मोडून पडली. नवं सुकाणू घडवलं, ते नीट बसेना. विकायला नेत असलेल्या कापडाची शिडं शिवली! अशा अवस्थेत किनाऱ्याजवळ नांगर टाकले, कप्तान, त्याची बायको-मुलं आणि काही माणसं मचव्यातून उतरली. मचवा फुटला, मागोमाग जहाजही. शंभरावर माणसं तिथंच गेली. नवी होडी बांधायला धड लाकूडसुद्धा उरलं नाही.

त्या किनाऱ्याचं नाव नाताळ. वास्को द गामा १४९७च्या ख्रिसमसला तिथून गेला, म्हणून. आपला ‘नाताळ’ आणि हा किनारा, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाचे.

वाचले सुमारे ५००. त्यांतले १८०च्या आसपास पोर्तुगीज, बाकी गुलाम. पिंपं आणि पेट्यांचा कोट करून ते बारा दिवस राहिले, मग उत्तरेकडे चालू लागले. कप्तानाची बायको लियोनोर द सा ही गोव्याचा गव्हर्नर गार्सिया द सा याची मुलगी. त्याची कबर जुन्या गोव्यात रोझरीच्या चर्चमध्ये आहे. तिला सुरुवातीला गुलामांनी डोलीसारखं उचलून नेलं. उचलणाऱ्यांपैकी एकाचंही नाव कुठं नोंदलेलं नाही. नंतर तीही चालली.

आजच्या मोझांबिकमधल्या डेलागोआ खाडीजवळ इन्हाकाचा राजा भला निघाला. पुढचा सरदार लुटेल, इथंच थांबा, असं त्यानं विनवलं. कप्तानाला वाटलं, याच्या मनात काहीतरी आहे. नदी ओलांडली, आणि पुढच्यानं गोड बोलून बंदुका मागितल्या, त्या यांनी देऊन टाकल्या. लियोनोर तेव्हाच म्हणाली म्हणे, की आता आपण संपलो. अंगावरचे कपडेही काढून घेतले गेले तेव्हा ती वाळूत खड्डा करून कमरेपर्यंत पुरून बसली, केसांनी अंग झाकलं, आणि तिथून उठली नाही. मुलंही गेली. कप्तान रानात शिरला, तो परत दिसला नाही. हस्तिदंतासाठी आलेल्या एका पोर्तुगीज जहाजानं मणी देऊन उरलेल्यांना सोडवलं: ८ पोर्तुगीज, १४ गुलाम, ३ दासी. मे १५५३ मध्ये ते मोझांबिकला पोचले.

दोन वर्षांच्या आत, १५५४ मध्ये, सांव बेंतो हे दुसरं पोर्तुगीज जहाज याच किनाऱ्यावर फुटलं. पोर्तुगीज कवी कामोंइश १५५३ मध्ये याच जहाजानं गोव्याला आला होता. सांव बेंतोची वाचलेली माणसं चालत निघाली, तेव्हा वाटेत त्यांना सांव जुआंवचे अवशेष दिसले.

१५९३ मध्ये सांतो आल्बेर्तो हे जहाज फुटलं, तेव्हा मात्र वाचलेल्यांचा म्होरक्या नुनो व्हेल्यु पेरैरानं लोकांना किनारा सोडून आतल्या वाटेनं नेलं, गावोगाव तांबं आणि मणी देऊन गुरं घेतली, आणि ११७ पोर्तुगीज सुखरूप पोचवले. त्या जहाजाच्या हकिगतीतही दोष कुणाला दिलाय? वादळाला नाही. जास्तीच्या मालाला, आणि जहाज गोदीत न घेता पाण्यातच एका कुशीवर कलवून केलेल्या दुरुस्तीला.

दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एडवर्ड नावाचं गाव आहे. सांव जुआंव त्याच्याच आसपास फुटलं, असं अभ्यासक आता मानतात. ओहोटीला तिथल्या वाळूत चिनी मातीच्या निळ्या नक्षीच्या खापऱ्या सापडतात, आणि अकीकाचे तांबूस मणी. हा माझ्या हातातला मणी तिथला नव्हे बरं का, खंभातच्या बाजारात घेतलेला आहे, पण जात तीच. उजेडाकडे धरला की आतून विस्तवासारखा दिसतो. पुढच्या रांगेपासून फिरवा, मागं पोचला की परत द्या.